उजव्या हाताला सुट्टी

सोमवारी मॅडम उजवा हात वापरत नसत. ओढणीची झोळी करून हात गळ्यात अडकवायचा आणि कारखान्यात पाऊल टाकल्यापासून संध्याकाळी निघेपर्यंत सगळं डाव्या हाताने करायचं, असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. नवीन माणूस हटकून विचारायचा, "मॅडम, हाताला काय झालं?"

"काही नाही. सुट्टीवर आहे."

त्या दिवशी स्कूटर घरी राहायची आणि त्या रिक्षाने यायच्या. भाडं डाव्या हाताने पुढे केलं म्हणून एका रिक्षावाल्याने ते घ्यायलाच नकार दिला होता. "बोहनीची वेळ आहे मॅडम, काय करता?" मॅडमनी त्याला तिथेच थांबवून एक हात तुटल्यावर उरलेल्या हाताने माणूस काय काय करू शकतो यावर व्याख्यान दिलं. शेवटी तो म्हणाला, "राहू द्या, उद्या द्या." दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून त्यांच्या दारात उभा. त्याला त्या व्याख्यानाचा पुढचा भाग ऐकायचा होता.

कॅन्टीनमध्येही त्या डाव्या हातानेच जेवायच्या. वाढणाऱ्या मावशींना ते बघवत नसे. "अन्न आहे ते, मॅडम." मॅडम वरणभात सांडत म्हणायच्या, "मावशी, टेंपोच्या दारात उजवा हात अडकला आणि पायातून रक्त जातंय, तर मी काय करू? हात मोकळा व्हायची वाट बघू?" मावशी म्हणायच्या, "आधी घास तरी नीट घ्या."

आमचा कारखाना नाशिकला, सातपूरमध्ये. ट्रक-टेंपोवरचा माल आवळून बांधायचे पट्टे आम्ही करतो. मी तपासणी विभागात आहे. पट्ट्याची रुंदी, जाडी, शिवण, तुटण्याआधी तो किती वजन सोसतो, हे सगळं मोजून मी सही केली की माल दाराबाहेर जातो. मॅडम इथे येण्याआधी तंत्रनिकेतनात शिकवायच्या. मालकांनी त्यांना बकलांचं नवं डिझाइन करायला आणलं. ते त्यांनी वर्षभरात करून दिलं आणि मग मालकांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं की आता त्यांना माणूस बांधायचा पट्टा करायचा आहे.

हातापायाची मोठी धमनी कापली गेली, तर दवाखान्यात पोहोचेपर्यंत रक्त थांबवायला जखमेच्या वर जो पट्टा आवळतात, तो. डॉक्टर त्याला टूर्निके म्हणतात. आम्ही पट्टाच म्हणायचो. बाजारात तो मिळत होता, पण बाहेरून आलेला, महाग, आणि ज्याने महिनाभर प्रशिक्षण घेतलंय त्याच्या हातात शोभणारा. मॅडमना तो टेंपोच्या केबिनमध्ये, पान्ह्याशेजारी पडलेला हवा होता.

हे कशावरून डोक्यात आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही चहा घेताना. चांदवडजवळच्या घाटात एका अपघातापाशी त्या थांबल्या होत्या. मोटारसायकलवाल्याच्या मांडीला त्यांनी स्वतःची ओढणी बांधली. "जीव खाऊन आवळली. आजूबाजूचे म्हणाले, थांबलं. नव्हतं थांबलं." त्या माणसाचं पुढे काय झालं, ते आम्ही विचारलं नाही. त्या पुढे बोलल्या त्या कापडाबद्दल. ओढणी ताणली की लांबते, गाठ मारेपर्यंत सैल पडते. आणि अर्धवट आवळलेला फास न आवळलेल्यापेक्षा वाईट. परत जाणारं रक्त अडतं, येणारं येतच राहतं, जखम जास्तच वाहते. एवढं सांगून त्यांनी चहाचा कप पालथा घातला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अहो मिलिमीटर, तुमची मांडी किती आहे?"

मिलिमीटर म्हणजे मी. माझं खरं नाव त्यांनी पहिल्या आठवड्यानंतर कधीच घेतलं नाही.

त्यांच्या पर्समध्ये शिंप्याची टेप असायची. कारखान्यातल्या एकाही माणसाची मांडी त्यांनी मोजायची ठेवली नाही. मालकांचीही. मालक म्हणाले, "मॅडम, मी मालक आहे." "म्हणूनच शेवटी आले," त्या म्हणाल्या आणि टेप फिरवली. एका सहकाऱ्याच्या मुलाच्या लग्नात त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या. नवरदेवाचे मामा अंतरपाट धरून उभे. मॅडम हळूच म्हणाल्या, "छप्पन्न सेंटिमीटर तरी असेल. एवढी जाड आपल्याकडे एकही नाही."

मी म्हणालो, "मॅडम, अक्षता टाका."

जेवणाच्या पंगतीत मात्र त्या मामांच्या शेजारीच बसल्या होत्या. मामा पुढच्या शनिवारी कारखान्यात आले. मांडी अठ्ठावन्न निघाली आणि मॅडम दिवसभर खूश होत्या.

नमुना तयार झाला की तो आमच्यापैकीच कोणाच्या तरी मांडीवर चढायचा. पट्टा ओढायचा, मग त्यावरची हातभर नव्हे, बोटभर लांबीची दांडी पिळायची, पीळ बसला की दांडी खाचेत अडकवायची. मॅडम समोर वाकून बघत राहायच्या.

"दुखलं का?"

"नाही मॅडम, चांगला बसलाय."

"मग चूक आहे. अजून अर्धा फेरा."

न दुखणाऱ्या पट्ट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या एका मुलीने फोम लावून मऊ पट्टा केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "हा दिवाणखान्यासाठी छान आहे."

माझं आणि त्यांचं भांडण ठरलेलं असायचं. त्यांना एका दमात तीन गोष्टी बदलायच्या असत. दांडी लांब, पट्टा रुंद, शिवण आडवी. मी म्हणायचो, एकेक बदला, नाहीतर फरक कशामुळे पडला हे कळणार नाही. पट्ट्याची रुंदी मी अडतीस मिलिमीटर धरली होती, त्यांनी एका नमुन्यात ती चाळीस करून टाकली आणि मला सांगितलं नाही. मी नमुना परत पाठवला.

"दोन मिलिमीटरसाठी?" त्या माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "रक्ताला मिलिमीटर कळत नाहीत हो."

"मशीनला कळतात. हा पट्टा कड्यात घासेल."

त्यांनी पट्टा कड्यात घातला. तो घासला. "बरं," त्या म्हणाल्या, "पण बोलायची पद्धत असते काही." आणि माझ्या डब्यातली भाकरी उचलून घेऊन गेल्या. ही त्यांची माफी मागायची रीत होती. माझ्या बायकोने पुढे एक भाकरी जास्तच द्यायला सुरुवात केली.

त्यांची सगळ्यात अजब सवय म्हणजे काही फसलं की त्या पेढे आणायच्या. यशाचा त्यांना संशय यायचा. एखादी चाचणी सुरळीत पार पडली तर त्या दोन दिवस गप्प, कपाळाला आठी. "काहीतरी राहिलंय. आपण सोपं विचारलंय." आणि एखादी दांडी मोडली, एखादी शिवण उसवली, की लगेच पेढे. मालकांना हे बघवत नसे. ते म्हणायचे, "बाहेरच्या माणसाने बघितलं तर काय म्हणेल?"

सगळ्यात मोठे पेढे वाटले गेले ते कांद्यामुळे.

पट्टा तोवर चांगला झाला होता. एक टोक दुसऱ्याला चिकटवायला वेल्क्रो होता, तीच ती चरचर आवाज करणारी पट्टी. मी वेल्क्रो हजारो वेळा उघडबंद करून पाहिला होता, त्यावर बारीक धूळ उडवली होती, तो भिजवून, वाळवून पुन्हा ओढून पाहिला होता. सगळं आकड्यांत बसत होतं. मॅडमचा चेहरा अर्थातच पडलेला. त्यांनी हट्ट धरला की पट्टे प्रत्यक्ष टेंपोंत राहू द्या. पिंपळगावच्या बाजारात माल वाहणाऱ्या काही ड्रायव्हरांना आम्ही एकेक पट्टा दिला आणि सांगितलं, वापरू नका, फक्त केबिनमध्ये ठेवा. कांद्याचा हंगाम संपला की परत घ्यायला येऊ.

परत घ्यायला मॅडम आणि मी गेलो. पहिला टेंपो बाळूभाऊंचा. आडदांड, मोठ्या मिशांचा माणूस. त्यांनी सीटमागून पट्टा काढून झटकला आणि मॅडमच्या हातात दिला. मॅडमनी टोक टोकावर दाबलं. ते सुटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा सुटलं.

वेल्क्रोचे सगळे बारीक हूक कांद्याच्या पापुद्र्यांनी भरून गेले होते. लालसर, पातळ, कागदासारखे पापुद्रे इतके घट्ट गुंतले होते की नखानेही निघेनात. दुसऱ्या टेंपोत तेच. तिसऱ्यात पापुद्र्यांबरोबर द्राक्षांच्या पेटीतल्या कागदाची कात्रणं. सगळेच्या सगळे निकामी.

बाळूभाऊ म्हणाले, "कांद्याच्या गाडीत पाला येनारच की मॅडम. आमच्या डोक्याच्या केसात बी असतोय. तुमाला म्हाइत नव्हतं व्हय?"

आम्हाला माहीत होतं. आमच्या प्रत्येकाच्या घरी कांद्याची गोणी होती. पापुद्रे घरभर उडतात, स्वेटरला चिकटतात, झाडूने निघत नाहीत, हे सगळ्या नाशिकला माहीत आहे. पण चाचणी करताना आम्ही धूळ म्हणजे धूळच धरली, शहरातली, बारीक.

मी रस्त्याच्या कडेला कपाळाला हात लावून उभा होतो. मॅडम हसत होत्या. दोन्ही हातांत निकामी पट्टे धरून बाजाराच्या दारात ही बाई हसत होती आणि हमाल वळून बघत होते. "फेल! सगळेच्या सगळे फेल! अहो मिलिमीटर, सापडलं!" तिथेच चौकातल्या दुकानातून त्यांनी पेढे घेतले. बाळूभाऊंनी दोन खाल्ले आणि विचारलं, "मंग नापास झालो तर आमाला पन पेढं का मिळत नाय शाळेत?"

परतीच्या वाटेवर त्या बोलायच्या थांबल्या नाहीत. वेल्क्रो काढून टाकायचा. मग धरायचं कशाने? ओझरच्या पुढे गेल्यावर त्यांनी एकदम वळून मागच्या सीटवर पडलेला आमचा माल बांधायचा पट्टा ओढून घेतला आणि त्याचं दातेरी बकल माझ्या नाकासमोर धरलं. मी गाडी चालवत होतो. "हे कांद्याने अडत नाही," त्या म्हणाल्या. "चिखलाने अडत नाही. आपणच करतो ना हे? आपण येडे आहोत का?"

मी म्हणालो, "मॅडम, समोर ट्रक आहे."

ते बकल लहान करायला पुष्कळ दिवस गेले. बकल दोन्ही बाजूंनी ओढल्याशिवाय धरत नसे, एका हाताने तर मुळीच नाही. मग सोमवार कमी पडू लागले म्हणून उजव्या हाताला गुरुवारीही सुट्टी मिळाली. शेवटी जमलं. पट्टा आधीपासूनच कड्यात ओवलेला. पायातून वर चढवायचा, मोकळं टोक खेचायचं, दाते धरतात, मग दांडी पिळायची. मी सही केली. मॅडमनी पेढे आणले नाहीत.

मालक मात्र आता कंटाळले होते. माल बांधायच्या पट्ट्यांच्या ऑर्डरी अडकत होत्या, एक मशीन या कामात गुंतलेलं. त्यांनी सरळ सांगितलं, "एक चाचणी. दवाखान्यातले डॉक्टर हो म्हणाले तर पुढे, नाहीतर मशीन परत लाइनवर आणि मॅडम, तुम्ही परत बकलांवर." आणि अपघात विभागाच्या डॉक्टरांची अटही तेवढीच सरळ होती. त्यांना पट्टा डॉक्टरच्या हातात बघायचा नव्हता. टेंपो ड्रायव्हरने, एका हाताने, स्वतःच्या मांडीवर, एका मिनिटात. संधी एकदाच. मध्ये कोणी काही सांगायचं नाही. मिनिटाच्या आत पायातला प्रवाह थांबला तर रुग्णवाहिकांमध्ये पट्टा ठेवून अभ्यास सुरू करायची शिफारस ते करतील. नाही थांबला तर नमस्कार.

दवाखान्याच्या समितीची परवानगी झाली, बाळूभाऊंची लेखी संमती झाली. आदल्या दिवशी पट्टा कसा चालतो हे त्यांना एकदा दाखवलं होतं.

खोलीत आम्ही पाच जण. पलंगावर बाळूभाऊ, पायाशी डॉक्टर, भिंतीला टेकून मालक, हातात घड्याळ धरलेला मी, आणि खिडकीपाशी मॅडम, दोन्ही हात पाठीमागे बांधून, कारण हात मोकळे राहिले तर त्या मदतीला धावतील याची त्यांना खात्री होती. डॉक्टरांनी डॉप्लर नावाच्या छोट्या यंत्राची कांडी बाळूभाऊंच्या घोट्याच्या आतल्या बाजूला टेकवली. पायातलं रक्त खोलीत ऐकू येऊ लागलं. शुप्, शुप्, शुप्. जोरकस, ओलसर आवाज.

"हाच माझा पाय व्हय?" बाळूभाऊंनी विचारलं.

"हाच," डॉक्टर म्हणाले. "हा थांबवायचा. सुरू करा."

बाळूभाऊंनी पट्टा पँटवरून सरसर वर चढवला, अगदी जांघेपर्यंत, सांगितला होता तसा. टोक खेचलं. दात्यांचा करकर आवाज आला. दांडी पिळली, एक फेरा, दुसरा. चेहरा लाल झाला.

शुप्, शुप्, शुप्.

आणखी अर्धा फेरा. दांडी पुढे जाईना. बाळूभाऊंच्या मनगटावरची शीर टरारली. आवाज किंचित बारीक झाला, थांबला नाही. मी घड्याळाकडे पाहिलं आणि मॅडमकडे पाहायचं टाळलं. तेवढ्यात मला दिसलं, आणि मला वाटतं त्यांनाही त्याच वेळी दिसलं. पट्ट्याखाली पँटच्या खिशात काहीतरी होतं, चपटं, कडक. पट्टा त्यावर तोलला गेला होता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पोकळी राहिली होती. मॅडमचे ओठ हलले. त्यांनी ते दातांखाली धरले.

"मिनिट," मी म्हणालो.

डॉक्टरांनी कांडी उचलायला हात हलवला. "झालं. सोडा."

"थांबा हो डॉक्टर," बाळूभाऊ मान वर न करता म्हणाले. "मिनिट संपलं म्हनून मी मरायचं का?"

डॉक्टरांचा हात जागेवर राहिला. बाळूभाऊंनी दांडी उलटी फिरवली, पट्टा सैल केला, खिशात बोटं घालून चुन्याची डबी बाहेर काढली आणि पलंगावर आपटली. "ही मधी मरत होती." एका हाताने पट्टा पुन्हा खेचला. एक फेरा. दोन. बाळूभाऊंनी एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. आणखी अर्धा.

आवाज थांबला.

डॉक्टरांनी कांडी इकडे सरकवली, तिकडे सरकवली, दाबून पाहिली. काही नाही. खोलीत फक्त बाळूभाऊंचा श्वास.

"किती?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"मिनिट आणि बावीस सेकंद."

मालकांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. "चला मॅडम. आपण प्रयत्न केला."

मॅडम खिडकीपासून हलल्या नाहीत. "नापास लिहा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "बावीस सेकंद पुष्कळ असतात. मला माहीत आहे."

"लिहितोय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पट्टा सोडवला, बाळूभाऊंचा पाय तपासला, पाणी मागवलं. मग त्यांनी चुन्याची डबी उचलून हातात फिरवली. "उद्या पाच ड्रायव्हर आणा. नवे. आणि खिसे भरलेले पाहिजेत."

मालक म्हणाले, "सर, तुम्हीच म्हणाला होता, संधी एकदाच."

डॉक्टरांनी बाळूभाऊंकडे बोट दाखवलं. "यांनी ऐकलं का माझं?" मग मॅडमकडे वळून म्हणाले, "पट्टा कमी पडला नाही. तो भरलेल्या खिशावर बसला, आणि आधी खिसा बघा हे तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. ते सांगायची सोय करा. पण खिसे रिकामे करून आणू नका. अपघाताच्या आधी कोणी खिसे रिकामे करतं का?"

मॅडमनी पाठीमागचे हात सोडले. "भरलेलेच आणते," त्या म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच बाहेर पडल्या. आम्हाला जिन्यात त्यांना गाठावं लागलं.

पट्ट्यात त्यांनी काही बदललं नाही. त्यावर कसा बांधायचा याची चार चित्रं शिवलेली होती. त्याच दुपारी पाचवं आलं, सगळ्यांच्या आधी, लाल रंगात. खिसा चाचपणारा हात. बाळूभाऊंनी पिंपळगावात फिरून पाच जण गोळा केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या टेंपोत घालून आणले. एकाच्या खिशात मोबाइल, एकाच्या किल्ल्यांचा जुडगा, एकाच्या द्राक्षं छाटायची कात्री. बाळूभाऊंना दाराबाहेर बसवलं होतं, पण त्यांचा आवाज आत येत होता. "काय इचारू नका मला. मला बोलायची बंदी हाय."

पाचही जणांनी आधी खिसा चाचपला. पाचही जणांच्या पायातला आवाज मिनिटाच्या आत थांबला. शेवटचा काडी पैलवान इतक्या लवकर मोकळा झाला की माझा घड्याळावर विश्वास बसेना. मी डॉक्टरांना विनंती केली आणि त्याला थोडी विश्रांती देऊन दुसऱ्या पायावर पुन्हा करायला लावलं. तो म्हणाला, "साहेब, पहिला पाय खोटा होता का?" दुसऱ्या पायाला आणखी कमी वेळ लागला.

डॉक्टरांनी शिफारशीवर सही केली. मालकांनी किल्ली खिशात ठेवली आणि मला हळूच विचारलं, अजून एक मशीन घ्यावं लागेल का. ड्रायव्हर एकमेकांच्या मांडीवरचे वळ बघत हसत होते.

आता मॅडम आमच्याकडे नाहीत. पट्टा रुग्णवाहिकांमध्ये गेल्यावर त्या पुण्याला गेल्या. बाळंतपणात जो रक्तस्राव होतो तो थांबवायला काहीतरी करताहेत म्हणे. फोनवर विचारलं तर एवढंच सांगतात, "छान फसतंय." त्यांच्याबद्दल कोणी विचारलं की मी सोमवारची गोष्ट सांगतो, कांद्याची सांगतो. पण मला स्वतःला आठवतं ते त्या पाच ड्रायव्हरांच्या चाचणीच्या दिवशीचं, सगळे पांगल्यानंतरचं.

डॉक्टर यंत्र बंद करायला वाकले होते. मॅडम म्हणाल्या, "असू द्या जरा." त्यांनी चपला काढल्या आणि पलंगावर चढून बसल्या. सलवार घोट्यापासून वर घेतली.

डॉक्टरांनी टेबलावरचा पट्टा उचलला. "तुम्हाला पण बांधायचाय?"

"नाही. नुसतं ऐकवा."

त्यांनी कांडी टेकवली. थोडं शोधावं लागलं. मग तो आवाज आला, बाळूभाऊंच्यापेक्षा बारीक, जरा घाईतला. शुप्, शुप्, शुप्. इतकी वर्षं तो थांबावा म्हणून त्यांनी आम्हाला पिळून काढलं होतं. दारातून बाळूभाऊंनी आत डोकावलं आणि दार हळूच लोटून घेतलं. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. डॉक्टर कांडी धरून उभे राहिले, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. घड्याळ माझ्या हातात होतं, पण मी ते लावलं नाही.